राख पुसायची नाही

“वन्सं, तुमचं पण जळतंय का?”

राखेच्या बुधवारची सकाळची मिस्सा आटोपून आम्ही तिघी चर्चमधून घरी निघालो होतो. आई पुढे, तिच्या मागे थोडं अंतर राखून मी आणि दीनावहिनी. वहिनीनं पदर कपाळावर ओढून घेतला होता आणि ती अगदी खालच्या आवाजात विचारत होती.

“चुरचुरतंय जरा,” मी म्हटलं. “तुला?”

“मिरची चोळल्यागत होतंय.”

“मग पूस.”

तिनं पुढे चालणाऱ्या आईच्या पाठीकडे बघितलं. “पुसायची नाही ना.”

करंजठाणात हा नियम कोणी शिकवावा लागत नसे. झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या पातींचे क्रूस करून प्रत्येक घरात येशूच्या तसबिरीमागे खोचायचे. वर्षभरानं, उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी, ते वाळके क्रूस गोळा करून जाळायचे आणि तीच राख बुधवारी फादर प्रत्येकाच्या कपाळावर लावायचे. “तू माती आहेस आणि मातीला मिळशील,” असं म्हणत. इथवर सगळीकडे सारखंच असतं. आमच्या गावाची भर एवढीच की ती राख पुसायची नाही, आपोआप जाईपर्यंत ठेवायची. संध्याकाळी जपमाळेला बसल्यावर बायका एकमेकींच्या कपाळाकडे बघायच्या. ज्या बाईची राख लवकर गेली तिच्या पश्चात्तापात काहीतरी कमी आहे, असं कोणी बोलून दाखवत नसे, पण बघणं थांबत नसे.

आईची राख गुरुवारपर्यंत टिकायची. एका वर्षी शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेलाही ती तिच्या कपाळावर स्पष्ट होती. “राख टिकावी तर मास्तरीणबाईंची,” असं गावात म्हणत. माझे वडील चर्चचे धर्मशिक्षक होते, म्हणून ती मास्तरीणबाई. वडील गेले तरी राख करायचं काम तिच्याकडेच राहिलं. आमच्या अंगणात पाती जाळायच्या, राख कापडातून चाळायची आणि डब्यात भरून चर्चमध्ये पोचवायची.

मी तेव्हा नुकती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मिशनच्या शाळेत तात्पुरती विज्ञान शिकवत होते. गोठ्याच्या वळणावर आई दिसेनाशी झाली तशी मी ओढणीनं कपाळ पुसून टाकलं. आग लगेच कमी झाली. वहिनी माझ्याकडे बघत उभी राहिली.

“पूस ना,” मी परत म्हटलं.

“मला नको,” ती म्हणाली. “माझं जळायला पाहिजे.”

घरी पोचलो तर आई न्हाणीतून बाहेर येत होती. तोंड धुतलेलं, कपाळ स्वच्छ.

“ऊन फार लागलं,” ती म्हणाली. मग वहिनीचा पदर तिनं दोन बोटांनी मागे सारला आणि नीट निरखून बघितलं. “तुझी चांगली लागलीय. राहू दे. यंदा तुला गरज आहे तिची.”

वहिनीनं मान हलवली.

गरज कसली, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नाताळाच्या आधी वहिनीचं बाळ गेलं होतं. योएल नाव ठेवलं होतं त्याचं. बाप्तिस्मा नाताळात करायचा म्हणून राहिला होता. वहिनी त्या रात्री तापात होती, गोळी घेऊन झोपली होती, आणि सकाळी बाळ तिच्या कुशीत गार पडलेलं सापडलं. मी तेव्हा पदवीचा दाखला आणायला नगरला कॉलेजात गेले होते. दादा, म्हणजे माझा भाऊ शांतवन, ट्रक घेऊन बाहेरच असायचा. तोही दफनालाच पोचला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान बाळांचं कधी कधी असं होतं, कारण सापडत नाही. आई म्हणाली, कारण सापडलंय. झोपेत बाळ अंगाखाली आलं.

वहिनी आधी नाही म्हणायची. मग गप्प राहायला लागली. दादा घरी आला की आई त्याच्या ताटासमोर बसून म्हणायची, “मला तिला घालवायचं नाही. तिनं फक्त कबूल करावं. देवासमोर आणि माणसांसमोर. मग मी तिला लेकीसारखी ठेवीन.” दादा भाकरी मोडत राहायचा. हळूहळू तो कमी यायला लागला.

“ईस्टरपर्यंत वेळ आहे तुला,” आईनं आदल्या रविवारी वहिनीला सांगितलं होतं. “ईस्टरला मन धुतलेलं पाहिजे. नाहीतर शांतवन तुला माहेरी सोडून येईल. मी त्याला अडवणार नाही.”

बुधवारी उपासामुळे दुपारी एकच जेवण. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. धगीनं तिच्या कपाळाला घाम सुटला होता आणि घामाबरोबर काळा ओघळ भुवईपर्यंत आला होता. क्रुसाच्या दोन्ही बाजूंची कातडी सुजली होती.

“आई, तिला धुवू दे,” मी म्हटलं. “पाणी सुटतंय त्यातून.”

“तुझी कुठं गेली?” आईनं विचारलं.

“आपोआप गेली.”

“मग तिची पण जाईल आपोआप.”

वहिनी म्हणाली, “असू द्या वन्सं,” आणि तव्यावरची भाकरी उलटली.

संध्याकाळी जपमाळेला बायका आमच्या ओट्यावर जमल्या. त्या दिवशी मला एक गोष्ट नवल वाटण्यासारखी दिसली. जवळजवळ सगळ्यांची कपाळं स्वच्छ होती. ताराबाई रणनवरे बसता बसता म्हणाल्या, “यंदा राख लईच लवकर गेली बाई. घामानं.” दुसरी म्हणाली, “माझी तर मिस्सेतच गळली.” तिसरीनं पदर पुढे ओढून घेतला. कोणीही ‘पुसली’ म्हटलं नाही, आणि कोणीही ‘जळत होतं’ म्हटलं नाही.

वहिनी कंदील घेऊन बाहेर आली तेव्हा सगळ्यांचं बोलणं थांबलं.

“अगं बया,” ताराबाई म्हणाल्या. “हिचं काय झालं?”

“बस इथं,” आई वहिनीला म्हणाली. आवाज मऊ होता. ती स्वतः उठून आत गेली, वाटीत हळद घेऊन आली, तांब्यातलं पाणी त्यात ओतून बोटानं कालवली आणि सगळ्यांसमोर वहिनीच्या कपाळावर लावायला बसली. बाळ गेल्यापासून आईनं तिला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मला बरं वाटलं. वहिनीनं डोळे मिटले होते. आईच्या बोटांखाली तिचा चेहरा सैल पडत गेला.

मग हळद लाल झाली.

कडेला पिवळीच राहिली आणि क्रुसाच्या रेघांवर लालभडक होत गेली, जणू कोणी बोटानं परत क्रूस काढत होतं. ओला, गडद लाल.

म्हाताऱ्या सखूबाईला कमी दिसायचं. ती हसून म्हणाली, “मास्तरीणबाई, सुनेला कुकू लावलं का काय? हिंदू करून टाकली की पोरीला.”

कोणी हसलं नाही.

“कुंकू नाही ते, सखूबाई,” आई म्हणाली. तिनं आपलं बोट वर धरून सगळ्यांना दाखवलं. “नीट बघा.”

“रक्त हाय,” ताराबाई पुटपुटल्या आणि त्यांनी क्रुसाची खूण केली.

“मी काही म्हणत नाही,” आई म्हणाली. “देवाला काय म्हणायचंय ते त्याचं तो म्हणतो.”

वहिनीनं डोळे उघडले. सगळ्या बायका तिच्या कपाळाकडे बघत होत्या. ती उठली, आत गेली आणि आरशासमोर उभी राहिली. बाहेर आईनं जपमाळ सुरू केली. दुःखाची रहस्यं, येशूच्या यातनांची.

मला उमगायला रात्र जावी लागली. हळद अल्कलीत लाल होते, हे मी त्याच आठवड्यात सातवीच्या वर्गाला करून दाखवलं होतं. चुन्याच्या निवळीत हळदीचा कागद बुडवायचा. मुलांना तो प्रयोग फार आवडतो. घरच्या ओट्यावर तेच झालं तर ओळखता आलं नाही, कारण मी कपाळाकडे बघत होते, हळदीकडे नाही.

गुरुवारी सकाळी मी राखेचा डबा शोधला. चर्चमध्ये पोचवून उरलेली राख त्यातच होती. पत्र्याचा जुना डबा, आतून कडांना पांढरा थर. नाताळाआधी बायकांनी चर्चला चुना मारला होता आणि उरलेली चुन्याची भुकटी त्याच डब्यात ठेवली होती. राख वर भरली, चुना खाली तसाच राहिला. फादरांनी लावण्याआधी पाणी घालून ती कालवली. ओला चुना कातडीवर तासन्‌तास राहिला तर काय होतं, ते भिंतीला चुना मारणारं कोणीही सांगेल.

मी आधी ताराबाईंकडे गेले.

“काकू, काल तुमचं कपाळ जळत होतं का?”

“माझं कशाला जळंल?” त्या म्हणाल्या. “मी काय केलंय?”

“राख तुम्ही पुसली का?”

“सलोमी, तू मास्तरांची लेक हाय म्हणून ऐकून घेते. घामानं गेली म्हटलं ना.”

त्यांच्या कपाळावर लालसर चट्टा होता. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. प्रत्येकीचं जळलं होतं, प्रत्येकीनं गुपचूप धुतलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की जळलं ते फक्त आपलंच, आपल्या पापानं. विचारल्यावर कोण सांगणार? मी शाळेत न जाता सरळ फादर बेंजामिन यांच्याकडे गेले. त्यांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

“फादर, राखेत चुना होता.”

“वाटलंच मला.” त्यांनी अंगठा वर केला. “साल निघाली.”

“मग लोकांना सांगा. वहिनीच्या कपाळावर रक्त आलं म्हणताहेत. ते रक्त नाही, हळद आहे.”

“रविवारी मिस्सेत सांगतो.”

“उद्या क्रुसाची वाट आहे. आई उद्या तिला सगळ्यांपुढं उभी करणार. दादाला फोन करून बोलावलंय तिनं.”

फादर अंगठ्याच्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आईशी बोललीस?”

“आईला काय विचारायचं? डबा चुकला तिचा, एवढंच.”

“तरी विचार. मला विचारता येत नाही.”

“का?”

त्यांनी अंगठ्याची पट्टी सोडवली आणि परत गुंडाळायला लागले. “शाळेला उशीर होईल तुला,” ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. घाबरट माणूस, असं मनात म्हणत मी घरी आले. आई दळणाला गेली होती. वहिनी मागच्या दारी बसली होती. मी बशी, हळद, डब्यातली राख आणि लिंबू घेऊन तिच्यापुढे बसले.

“बघ,” मी म्हटलं. हळद पाण्यात कालवली, चिमूटभर राख टाकली. लाल झाली. लिंबू पिळलं. पुन्हा पिवळी झाली. “दिसलं? यात ना रक्त आहे ना देव. चुना आहे नुसता. माझंही जळलं, ताराकाकूंचंही जळलं. फादरांच्या अंगठ्याची साल निघाली. तू पुसलं नाहीस, एवढाच फरक.”

वहिनीनं बशी हातात घेतली. बोट बुडवून बघितलं. तिच्या कपाळावर आता ओली जखम होती, बोटाएवढ्या रुंद दोन रेघा.

“हुशार आहात वन्सं तुम्ही,” ती म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. “मग मी झोपेत त्याला दाबलं का नाही, ते पण दिसतं का बशीत?”

मी उरलेलं लिंबू बाजूला ठेवलं.

“मी रोज तेच आठवते,” ती सांगायला लागली. “झोपताना मी त्याला डाव्या अंगाला घेतला होता. मोरीकडच्या बाजूला. सकाळी तो उजव्या अंगाला होता, भिंतीकडं. आता तान्हं लेकरू काय सरकत जातं का? म्हणजे मी वळले. त्याच्यावरून वळले. नाहीतर तिकडं कसा जाईल?”

“तापात काही आठवत नाही माणसाला,” मी म्हटलं.

“म्हणून तर. मला आठवत नाही, म्हणून देवानं लिहून दिलं.” तिनं बशी खाली ठेवली. “तुम्ही म्हणता चुना. असंल. पण बाकीच्यांनी पुसली ना, आणि मी नाही पुसली. मला कोणी नाही पुसू दिली? मीच ना?”

वहिनीच्या बोलण्यात एक मोजता येण्यासारखी गोष्ट होती: डावी बाजू आणि उजवी बाजू. बाळ एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं, तर ते कसं गेलं, याच्या शक्यता किती, हा साधा प्रश्न होता. मला तो सुचला नाही. मी बशी विसळून टाकली.

शुक्रवारी ऊन कलल्यावर क्रुसाची वाट सुरू झाली. आमच्याकडे चर्चच्या आवाराभोवती चौदा स्थानकं आहेत आणि प्रत्येक स्थानकावर एकेका घरानं लाकडी क्रूस धरून उभं राहायचं असतं. तेरावं स्थानक आमच्या घराचं. क्रुसावरून उतरवलेला मुलगा आईच्या मांडीवर देतात, ते. दरवर्षी क्रूस आई धरायची.

त्या दिवशी आईनं तो वहिनीच्या हातात दिला.

दादा दुपारी आला होता. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. आईनं त्याला काय सांगितलं होतं माहीत नाही. तो गर्दीच्या कडेला हात बांधून उभा होता आणि बायकोच्या कपाळाकडे बघत होता.

फादरांनी तेराव्या स्थानकाची प्रार्थना वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज नीट लागत नव्हता. ते ‘आईच्या मांडीवर’ या शब्दांपाशी आले आणि वहिनी क्रुसासकट गुडघ्यांवर बसली.

“माझं योएल,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “मी मारलं त्याला. झोपेत मारलं. मला कळलं नाही, पण मीच मारलं. देवा, मला क्षमा कर. आत्याबाई, मला क्षमा करा. अहो, तुम्ही पण करा.”

आई पुढे झाली. तिनं वहिनीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. बायका रडायला लागल्या. ताराबाई हुंदके देत म्हणाल्या, “सुटली बाई, सुटली पोर.” फादर पुस्तक उघडं धरून उभे होते. त्यांनी आईकडे बघितलं. आईनंही त्यांच्याकडे बघितलं. खाली मान फादरांनी घातली.

मी गर्दीतून पुढे जाऊन म्हटलं, “हे खरं नाही. राखेत चुना होता. तुमची सगळ्यांची कपाळं जळली होती.”

“सलू,” दादा म्हणाला, “गप बस.”

“दादा, मी करून दाखवते—”

“तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आता तू काय सायन्स सांगते?”

शनिवारी सकाळी तो तिला जालन्याकडे, तिच्या माहेरी घेऊन गेला. आई म्हणाली होती, कबूल केलंस की लेकीसारखी ठेवीन. दादा म्हणाला, त्याला आता तिच्या अंथरुणाशेजारी झोप लागणार नाही. आई म्हणाली, “मग त्याला मी तरी काय करू?” वहिनी पत्र्याची पेटी घेऊन वाकून तिच्या पाया पडली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना वहिनी मला म्हणाली, “वन्सं, न्हाणीतला साबण संपलाय, आणायला सांगा.”

ती गेल्यावर आई मागच्या दारी भांडी घासायला बसली. चुलीतली राख, नारळाची शेंडी. मी उंबऱ्यात उभी राहून तिचे हात बघत होते. मग मला बुधवार आठवला. न्हाणीतून येणारी आई, ओलं कपाळ.

“तुझी राख बुधवारी घरी येईस्तोवर कशी गेली?” मी विचारलं. “दरवर्षी दोन दिवस राहते.”

“जळत होतं,” ती म्हणाली. लपवायचं तिच्या मनातच नव्हतं. “तोंड धुतलं.”

“मग तिला का नाही धुवू दिलं?”

ती तवा घासत राहिली.

“आणि हळद? कापलं-भाजलं तर आपण हळद तेलात कालवतो. तू पाण्यात कालवली.”

“तेलात लाल होत नाही तेवढी,” आई म्हणाली. “तू कॉलेजात शिकलीस. आमच्या आजीच्या शेजारी कुंकू करायचे, हळद न्‌ चुना मिळवून. मी लहानपणी हात लाल करून घ्यायची.” तिनं तवा उपडा ठेवला. “डबा चुकला तो चुकूनच. बाकीचं चुकून नाही.”

“पण का? तिनं काय वाईट केलं तुझं?”

आईनं पातेलं ओढलं.

“रात्री रडत होतं ते,” ती म्हणाली. “ती तापात पडलेली. हाक मारली तर उठेना. मी उचलून माझ्या खाटेवर आणलं. छातीशी घेतलं तसं गप झालं.”

“मग?”

“मग सकाळ झाली.”

मी उंबऱ्यावर बसले.

“परत नेऊन ठेवलंस?”

“हो.”

“कुठल्या बाजूला?”

तिनं मान वर करून बघितलं. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. “भिंतीकडं. दुसरीकडं ती कुशीवर वळली होती, जागा नव्हती.”

“आई, ती त्याच्यावरून वळली म्हणते. त्या बाजूमुळं.”

“ऐकलंय मी.”

“फादरांना माहीत आहे?”

“नाताळाआधीच पापनिवेदन केलं मी. काही लपवलं नाही.” तिनं पातेल्यात पाणी ओतून फिरवलं. “ते म्हणाले, घरी सांग, सुनेला सांग. मी म्हटलं, सांगते. कधी ते नाही म्हटलं. पापनिवेदनात ऐकलेलं त्यांना बाहेर बोलता येत नाही, आणि मला बोलवत नाही.”

“म्हणून तिच्याकडून बोलवून घेतलंस.”

“कोणीतरी बोलायला पाहिजे होतं,” आई म्हणाली. “घरात ते तसंच बसून होतं. रोज. ती तरणी आहे, धुऊन निघेल. मी या गावात मास्तरीणबाई आहे. मी काय धुऊन निघणार?”

दादा रविवारी परत आला तेव्हा मी आईच्या समोर त्याला सगळं सांगितलं. डावी बाजू, उजवी बाजू, आईची खाट. आई नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “खरं सांगतेय ती. आता मला कुठं सोडून येतोस? मला माहेर नाही.”

दादा ताटावर बसला होता. त्यानं उरलेली भाकरी कालवणात कुस्करली, खाल्ली, हात धुतला. ट्रकची किल्ली घेतली. जालन्याच्या रस्त्याला तो त्या दिवशी गेला नाही आणि नंतरही गेला नाही.

मी गेले. एस.टी.नं, पुढच्याच शनिवारी. वहिनी माहेरच्या अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला.

“आज बशी नाही आणली?” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसून सांगितलं. एकही शब्द न गाळता, आई जशी बोलली होती तसंच. तिचे हात थांबले.

“भिंतीकडं त्यांनी ठेवला?”

“हो.”

“मग मी वळले नव्हते.”

“त्याच्यावरून नाही वहिनी. तो तिथं नव्हताच.”

तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. माझ्या मनात आलं, आता ती रडेल, ओरडेल, आईला शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होते.

“तो रडत होता म्हणाल्या?”

“हो. म्हणूनच आईनं उचलला.”

“खूप वेळ?”

“माहीत नाही.”

“आत्याबाईंना ऐकू गेलं,” ती म्हणाली. “भिंतीपल्याड त्यांना ऐकू गेलं. माझ्या अंगाला अंग लावून होता तो. मला नाही ऐकू आलं.”

“तू तापात होतीस.”

“लेकरू रडलं आणि मला ऐकू नाही आलं,” ती परत म्हणाली, आणि घाटे सोलायला लागली. पदर मागे सरकला तेव्हा मला कपाळ दिसलं. खपली धरली होती. क्रूस सरळ आणि नीट आला होता. फादरांचा हात चांगला आहे.

उन्हं उतरेपर्यंत मी बसले. निघताना तिनं वर न बघता म्हटलं, “चहा घेऊन जा.”

पुढच्या वर्षी राख मी केली. डबा नवा आणला, पाती स्वतः जाळल्या, राख दोनदा चाळली, ओली करून तासभर स्वतःच्या मनगटावर ठेवून बघितली. बुधवारी कोणाचंही कपाळ जळलं नाही. फादरांनी मला राख लावली तेव्हा त्यांच्या अंगठ्यावर नवी कातडी आलेली दिसली, थोडी गुलाबी.

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला तेराव्या स्थानकावर क्रूस आईनं धरला. राख अजून तिच्या कपाळावर होती, काळीभोर, एकही रेघ पुसट नाही. ताराबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

“बघ गं,” त्या म्हणाल्या. “राख टिकावी तर तुझ्या आईची.”